मदत हवी आहे: टँकसाठी डिफेन्स ४९० ठेवू की स्टॅमिना वाढवू?

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या बर्निंग क्रूसेड क्लासिक या ऑनलाइन गेममध्ये लेव्हल ७० चा प्रोटेक्शन वॉरियर, म्हणजे गटासाठी मार अंगावर घेणारा टँक, खेळतो. काराझान या रेडमध्ये (गटाने करायची मोहीम) प्रिन्स मालचेझार या बॉसपाशी अडकलोय. दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे त्याची हेल्थ ६० टक्क्यांखाली गेल्यावर, तो कुऱ्हाडी काढतो, वार झपाझप पडतात आणि हीलिंग पोहोचण्याआधीच मी मरतो.

डिफेन्स ४९१ (४९० ला बॉसचा क्रिट बसणं बंद होतं), बफशिवाय (तात्पुरती वाढ न धरता) हेल्थ ११,६००. शील्ड ब्लॉक (ढालीने वार अडवण्याची क्षमता) चालू असताना मिस, डॉज, पॅरी, ब्लॉक (वार चुकण्या-अडवण्याच्या शक्यता) मिळून १०२.४ टक्क्यांच्या वर जातं, म्हणजे दीडपट माराचा क्रशिंग ब्लो बसायला नको. पण शील्ड ब्लॉकचे दोन ब्लॉक लगेच संपतात आणि मधल्या वेळात दीडपट मार बसतो. बटण वेळेवर दाबतोय, लॉगमध्ये तपासलंय. फ्लास्क, जेवण, दोन हीलर (पॅलाडिन, प्रीस्ट) सगळं आहे. पीव्हीपी (खेळाडूंमधल्या लढतींचा) गिअर नाही, त्यामुळे रेझिलियन्स (क्रिटची शक्यता कमी करणारा गुण) शून्य.

आता गिअरमधले ८ डिफेन्स रेटिंगचे चार जेम (रत्नं) काढून १२ स्टॅमिनाचे लावायचा विचार आहे. हेल्थ किमान ४८० ने वाढेल, पण डिफेन्स ४७७ च्या आसपास येईल, म्हणजे साधारण अर्धा टक्का क्रिटची शक्यता. मला तो अर्धा टक्काही धोक्याचा वाटतो, कारण क्रिट म्हणजे दुप्पट मार. नवीन गिअर या आठवड्यात मिळणार नाही.

प्रिन्सच्या दुसऱ्या टप्प्यासाठी तुम्ही ही अदलाबदल कराल का, की ४९० राखून डॉज-पॅरी वाढवाल?