मराठी त्रैमासिकाच्या लेखांचा मेटाडेटा एक्सएमएलमध्ये कसा ठेवायचा?

दादरचा_मुद्रक: आमचं छोटं संशोधन त्रैमासिक आहे, डीओआय (प्रत्येक लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) घ्यायचं ठरलंय. आत्तापर्यंत लेखक, शीर्षक, पानं असा सगळा मेटाडेटा एक्सेलमध्ये, आता तो एक्सएमएलमध्ये, म्हणजे प्रत्येक माहितीला टॅग (खुणेचं नाव) लावून ठेवायचाय. कोणी म्हणतं जॅट्स (संशोधन-लेखांसाठीचा ठरलेला टॅगसंच) वापरा कोणी म्हणतं स्वतःचेच टॅग बनवा. नावं मराठीत ठेवायची की रोमनमध्ये हाही घोळ आहेच, काय करू?

लोकल_लेट: स्वतःचे टॅग अजिबात बनवू नका, दुसऱ्या कुणाच्या सिस्टिमला कळणार नाहीत. जॅट्स २०१२ पासून नायसो या अमेरिकन मानक संस्थेचं स्टँडर्ड आहे, त्याआधी एनएलएमची (अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची) डीटीडी, म्हणजे टॅगांची नियमावली होती. नावासाठी त्यात नेम-अल्टरनेटिव्ज हा टॅग आहे, एकाच लेखकाचं देवनागरी नि रोमन दोन्ही बसतं, फक्त प्रत्येकाला भाषेचा कोड लावा. शीर्षकाचं भाषांतर ट्रान्स-टायटलमध्ये जातं, मूळ शीर्षकाला कंस करून चिकटवू नका हो, तसं केलेलं फार ठिकाणी दिसतं!

पार्ल्याची_संपादक: आणि लेखकांचे ऑर्किड (संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक) आत्ताच गोळा करा, मागाहून लेखक फोन उचलत नाहीत. आपल्याकडे एकाच नावाचे चार कुलकर्णी असतात, त्यांना वेगळं करायला तो १६ अंकी क्रमांकच कामाला येतो.

दादरचा_मुद्रक: दिवाळी अंकाची तारीख काय टाकू?

लोकल_लेट: पब-डेटमध्ये (प्रकाशनाच्या तारखेच्या टॅगमध्ये) सीझन म्हणून टॅग आहे, त्यात टाका. साल मात्र इंग्रजी आकड्यांत, देवनागरीत टाकलं की पुढे क्रॉसरेफचा (डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेचा) व्हॅलिडेटर, म्हणजे फाइल तपासणारा प्रोग्रॅम, बोंबलतो. आणि क्रॉसरेफचा स्कीमा (टॅगांचा साचा) वेगळा असतो, जॅट्सवरून एक्सएसएलटीने (एका एक्सएमएलचं दुसरं बनवणाऱ्या भाषेने) कन्व्हर्ट करून पाठवा, दोनदा टायपिंग कशाला.