कोजागिरीला गच्चीवर ‘तुंबाड’?

देशपांडे काकू (सी-५०३), ७:४२
नमस्कार. खालच्या बोर्डावर वाचलं, कोजागिरीला गच्चीवर ‘तुंबाड’ हा भयपट लावणार म्हणे. हे कुणी ठरवलं? मीटिंगमध्ये ‘घरच्यांनी मिळून बघण्यासारखा’ असं ठरलं होतं. पहिली-दुसरीतली पोरं पुढच्या सतरंजीवर बसतात. कृपया कुणीतरी उत्तर द्यावं.

वैद्य काका (बी-१०४), ७:४४
तुंबाड ‘ए’ आहे.

निखिल (ए-२०१), ७:५१
काकू, घरच्यांबद्दलच आहे की. आजी, मुलगा, वाडा, वारसा 😄

देशपांडे काकू, ७:५२
निखिल, मस्करी नको.

निखिल, ७:५८
सॉरी काकू. का सुचवला ते सांगतो. २०१८ला आला तेव्हा फार चालला नाही, १३ सप्टेंबर २०२४ला पुन्हा लागला तर पहिल्यापेक्षा जास्त चालला. लोक उगाच नाही गेले. हस्तर, म्हणजे त्यातला खजिन्याचा राक्षस, कणकेची बाहुली खातो तेवढ्या वेळात नाणी उचलायची आणि निघायचं. नियम एवढाच. तो एकदा कळला की आपणच मनात सेकंद मोजायला लागतो. दचकवावं लागत नाही. हल्लीच्या बहुतेक भुतांना नियमच नसतो, म्हणून त्यांना कधीही काहीही करता येतं आणि आपल्याला काही वाटत नाही.

वैद्य काका, ८:००
‘ए’ म्हणजे १८ पूर्ण.

सावंत (बी-३०१), ८:०६
मग ‘मुंज्या’ लावा. यूए आहे, म्हणजे पालकांसोबत पोरांना चालतो, कोकणातला आहे, पोरं हसतात पण. दिग्दर्शक आपला सरपोतदार, ‘झोंबिवली’वाला. माझी तक्रार एकच. मुंज झाली आणि सोडमुंजीआधी पोर गेलं की तो मुंजा, पिंपळावर बसणार, इथपर्यंत सगळं बरोबर. पण हा लवकरच नखशिखांत दिसतो आणि मग दिसतच राहतो. पूर्ण दिसलेलं भूत म्हणजे व्यंगचित्र. पानं हलवा, खडे पडू द्या, तासभर लपवा.

बापट (ए-४०४), ८:०९
मुंजा आणि समंध एकच ना?

सावंत, ८:१०
नाही हो! मुंजा पोरगा. समंध म्हणजे मोठा माणूस, बहुधा निपुत्रिक, धनात जीव अडकलेला. गिऱ्हा पाण्यात. चकवा वाट चुकवतो. देवचाराला तर भूत म्हणूच नका, तो राखणदार.

बापट, ८:१२
आणि मेंटेनन्स थकवून बसतो तो? 😂

मोरे (सचिव), ८:१३
कृपया विषयाला धरून बोलावे. थकबाकीची यादी १०ला लागेल.

पाठक (सी-२०२), ८:१५
रोख कुणाकडे आहे ते कळतंय. धन्यवाद.

श्रद्धा (ए-६०४), ८:२४
कुठलाही लावा, गच्चीवर काळा रंग मिळणार नाही. आपल्या प्रोजेक्टरच्या खोक्यावर ‘८००० लुमेन’ छापलंय. लुमेन म्हणजे यंत्रातून निघणारा एकूण उजेड, पण त्या आकड्याला अर्थ नाही. अशा स्वस्त यंत्रांतून एएनएसआय या प्रमाणित मापाने ३००च्या आसपास निघतात. पडदा १० फूट बाय साडेपाच, म्हणजे साधारण ५ चौरस मीटर. ३०० भागिले ५, पांढऱ्यावर ६० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला ६० लुमेन. टाकीजवळचा हॅलोजन पडद्यावर सहज २० लक्स टाकेल. म्हणजे पांढरं ८० आणि काळं २०, चारास एक. ‘तुंबाड’चा अर्धा भाग कंदिलाच्या उजेडात आहे, त्याची नुसती राखाडी पेज दिसेल.

बापट, ८:२६
त्यात त्या दिवशी पौर्णिमा! चंद्राचं काय करायचं?

श्रद्धा, ८:२९
चंद्र बिचारा निर्दोष आहे. डोक्यावर आला तरी पाव लक्सच्या आसपास. हॅलोजन बंद करा आणि ३००० एएनएसआयचा प्रोजेक्टर भाड्याने आणा, पडद्यावर ६०० लक्स मिळतील. आणि चादर नको. तिच्यातून बराच उजेड आरपार टाकीवर जातो. मागे काळं कापड तरी लावा.

मोरे (सचिव), ८:३१
हॅलोजन बंद करता येणार नाही. मागच्या वेळी काय झालं ते सर्वांना माहीत आहे.

पाठक, ८:३२
सर्वांना नाही. फक्त बी विंगला.

निखिल, ८:३८
हॅलोजन जाणार नसेल तर दिवसाउजेडी घाबरवणारा घ्या. ‘लपाछपी’, २०१७, मराठी. उसाचं शेत, भर दुपार, सगळं लख्ख आणि तरी वाट सापडत नाही. हिंदीत त्याचाच ‘छोरी’ झाला २०२१ला. मला मराठीच जास्त लागला, हिंदीत सगळं जास्त समजावून सांगतात.

देशपांडे काकू, ८:४०
त्यात भ्रूणहत्येचा विषय आहे. कोजागिरीला? मसाला दुधाबरोबर?

वैद्य काका, ८:४१
तुंबाड ‘ए’ आहे.

निखिल, ८:४१
काका, तुंबाड मागे पडला.

पाठक, ८:४६
इंग्रजी का नको? ‘सिनर्स’ लावा. १९३२चं मिसिसिपी, रक्तपिपासू, त्यात ब्लूज. मागच्या दोन-तीन वर्षांत संगीताला एवढं पोटातून वापरणारा भयपट दुसरा नाही.

श्रद्धा, ८:५०
पाठक सर, निवड उत्तम. पण त्यातला बराच भाग २.७६ला १ अशा लांबट चौकटीत आहे. आपल्या १० फुटी पडद्यावर साडेतीन फुटांची पट्टी उरेल. मागच्या रांगेला बॅनर लावल्यासारखं वाटेल.

निखिल, ८:५३
‘वेपन्स’पण आहे. रात्री २:१७ला एका वर्गातली १७ मुलं घरातून पळत जातात. हात पसरून, विमानासारखी. तेवढ्या एका चित्रावर अर्धा सिनेमा उभा आहे. एकेका माणसाच्या बाजूने तीच गोष्ट पुन्हा सुरू होते आणि दरवेळी आपण चुकीचा अंदाज बांधतो. आणि शेवटी ती जी

सावंत, ८:५३
शेवट सांगू नको!!

देशपांडे काकू, ८:५५
लहान मुलं रात्री घरातून पळतात असा सिनेमा लहान मुलांना दाखवायचा? 🙏

बापट, ८:५८
‘शैतान’? माधवन काय भारी आहे त्यात.

निखिल, ९:०२
माधवन भारी, पण शेवटची पाऊण तासाची बडबड भारी नाही. मूळ गुजराती ‘वश’ बघा, २०२३चा. मुलगी तीच, जानकी बोडीवाला. घर लहान, पैसे कमी, म्हणून बापाची हतबलता जास्त टोचते. हिंदीत बाप अजय देवगण आहे म्हटल्यावर तो काहीतरी करणारच हे पहिल्या मिनिटापासून माहीत असतं.

कदम (बी-५०१), ९:०५
काहीही लावा, ऐकू येईल असं लावा. गणपतीत संवाद शून्य आणि पार्श्वसंगीताने काचा थरथरत होत्या.

श्रद्धा, ९:१२
त्याचं कारण होतं, कदम काका. ‘५.१’ आवाजात (पाच वाहिन्या आणि एक खर्जाची) संवाद बहुधा मधल्या वाहिनीत असतात. आपले स्पीकर दोनच. प्लेअरने पाच वाहिन्या पाठवल्या आणि आपण फक्त डावी-उजवी जोडली, संवाद गायब. सेटिंगमध्ये ‘स्टिरिओ’ निवडायचं, मग प्लेअर मधली वाहिनी दोन्हींत मिसळतो. दुसरं, ब्लूटूथ नको. त्यात आवाज सेकंदाचा पाचवा भाग मागे राहू शकतो. भूत दिसून जातं आणि किंकाळी नंतर येते. १० मीटरची ऑक्स वायर घ्या.

बापट, ९:१३
म्हणजे गणपतीत सगळे उशिरा किंचाळत होते ते त्यामुळे 😂

श्रद्धा, ९:१५
तिसरं, ‘नाइट मोड’ लावू नका. तो हळू आवाज वर आणि मोठा खाली ओढतो. भयपटाचं निम्मं काम शांततेचं असतं. शांतताच पंख्याएवढी मोठी झाली तर दचकणार कशाला?

मोरे (सचिव), ९:१९
रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक चालत नाही. आणि रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल.

श्रद्धा, ९:२२
मग ७:१५ला सुरू करा. ‘मुंज्या’ दोन तासांच्या आसपास, साडेनऊपर्यंत आवरतं. ‘स्त्री २’ अडीच तासांचा, तो दहाला टेकतो.

सावंत, ९:२४
‘स्त्री २’त सरकटा, म्हणजे ते बिनडोक्याचं भूत, येईपर्यंत मजा आहे, नंतर नुसती मारामारी. मुंज्याच लावा.

मोरे (सचिव), ९:३१
आणखी एक. ओटीटीचं खातं घरगुती वापरासाठी असतं. गच्चीवर ऐंशी माणसांना दाखवायचं तर हक्क ज्याच्याकडे त्याची लेखी परवानगी लागते. सोसायटीच्या नावाने उद्या मेल करतो. परवानगी आली नाही तर गाण्यांच्या भेंड्या.

पाठक, ९:३३
गणपतीत लागली नव्हती परवानगी?

मोरे (सचिव), ९:३४
तेव्हा मी सचिव नव्हतो.

देशपांडे काकू, ९:३८
जुन्या ‘यूए’चा अर्थ १२ वर्षांखालची मुलं पालकांच्या मार्गदर्शनाखाली. हल्ली ७, १३, १६ अशा पायऱ्या आहेत. आईवडील शेजारी बसणार असतील तर माझी हरकत नाही. मागे उभं राहून गप्पा मारणं म्हणजे शेजारी बसणं नव्हे. कुणाचं नाव घेत नाही.

श्रद्धा, ९:४१
मग हॅलोजन तेवढे दोन तास बंद? जिन्यातला दिवा राहू दे, सीसीटीव्ही कॅमेऱ्याला तो पुरतो. स्विचबॉक्सची किल्ली कुणाकडे आहे?

वैद्य काका, ९:४४
माझ्याकडे. तुंबाड असेल तर देणार नाही.

देशपांडे काकू, ९:४६
दूध १५ लिटर सांगितलंय. आटवायला मोठं पातेलं कोण देतंय? गेल्या वर्षीचं अजून परत आलेलं नाही.