नोगुची म्हणे नट होता!

खडूस मास्तर
काल हॉलिवूडची नटी मर्लिन मन्रो हिच्या मृत्यूचा विषय निघाला तेव्हा गिरगावकरांनी ठोकून दिलं, "लॉस एंजेलिसचा कोरोनर थॉमस नोगुची डॉक्टर कमी आणि नट जास्त. मढ्यांवर नाव कमावलं, शेवटी उतरवला, बरं झालं." (कोरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूचं कारण ठरवणारा सरकारी अधिकारी.) रात्रभर डोक्यात घोळत होतं, म्हणून लिहितोय.

हा माणूस १९५२ मध्ये जपानहून आला. १९६१ मध्ये कोरोनरच्या ऑफिसात लागला आणि पुढच्याच वर्षी मन्रो त्याच्या टेबलावर. जठर-आतडी त्यानं तपासणीला पाठवली होती. रक्तात आणि यकृतात भरपूर औषध सापडलं म्हणून विषतज्ज्ञानं बाकीचं तपासलंच नाही. नोगुचीनं नंतर विचारलं, तर नमुने फेकून दिलेले. कटाच्या निम्म्या कहाण्या त्या फेकलेल्या नमुन्यांवर पोसल्या गेल्या. मी आग्रह धरायला हवा होता, हे त्यानं स्वतः लिहिलंय. नट अशी चूक कबूल करतो?

मग १९६८, रॉबर्ट केनेडीचा खून. पाच वर्षांपूर्वी डलासमध्ये तिथल्या डॉक्टरला बाजूला सारून त्याच्या भावाचा, राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडीचा, देह उचलून नेला होता. इथे नोगुचीनं तसं होऊ दिलं नाही. जीवघेणी गोळी उजव्या कानामागून, अगदी जवळून. अंतर पडताळायला डुकरांच्या कानांवर गोळ्या झाडून पाहिल्या. साक्षीदार म्हणत होते, मारेकरी म्हणून पकडलेला सिरहान समोर होता, इतका जवळ पोचलाच नाही. गैरसोयीचं होतं, तरी लिहिलं.

गिरगावकर
मास्तर, झोप येत नसेल तर जायफळ घालून दूध घ्या.
१९८१ चा नोव्हेंबर विसरलात? हॉलिवूडचा नट विल्यम होल्डन दारूच्या नशेत घसरून टेबलावर आपटला आणि गेला, त्याच महिन्यात नटी नताली वूड बोटीवरून समुद्रात बुडाली. आणि हे साहेब पत्रकारांना सांगतायत कोण किती प्यायलं होतं, बोटीवर कोणाचं भांडण झालं. घरच्यांनी हे टीव्हीवर ऐकायचं? १९८२ मध्ये पदावरून खाली आणला, तो उगाच नाही. १९६९ मध्येही काढला होताच.

खडूस मास्तर
आणि परत घेतला, ते कोण सांगणार? आरोप काय, तर नाव व्हावं म्हणून अपघातांची वाट बघतो. सुनावणीत टिकलं नाही काही. जपानी-अमेरिकन समाज पाठीशी उभा राहिला म्हणून वाचला. गोरा असता तर एवढं झालं असतं का, विचारा स्वतःला.

सानपाड्याची
घरच्यांनी टीव्हीवर ऐकायचं का, हा प्रश्न छान आहे. आम्हाला तर कोणी काहीच सांगितलं नाही.
बाबा बाथरूममध्ये पडले, नेईपर्यंत गेले. संध्याकाळचे साडेसहा. "सूर्य मावळला, आता सकाळी." रात्रभर शवागाराबाहेरच्या बाकड्यावर मी आणि काका. सकाळी हवालदार आले, पंचनामा, पंच मिळेना म्हणून कँटीनच्या पोऱ्याची सही. दुपारी कागद हातात: मृत्यूचे कारण राखून ठेवले, व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतले अवयव) जतन. अकरा महिने झाले. विमावाले म्हणतात फायनल कॉज आणा. मला बोलका कोरोनर परवडला असता.

वकील_निवृत्त
मुंबईला कोरोनर होता हो! १८७१ चा कायदा. ज्यूरी बसायची, घरच्यांना उभं राहून विचारता यायचं. १९९९ मध्ये गुंडाळलं आणि सगळं पोलिसांच्या हाती दिलं. तेव्हाच म्हणालो होतो.

पीएम_ड्यूटी
तेच साक्षीदार पोलिसांपुढे आणि परत कोरोनरपुढे, यात कोणाचं भलं होत होतं? शिवाय मुंबईचा कोरोनर सुरी धरत नसे, पीएम (शवविच्छेदन) पोलीस सर्जनकडचे डॉक्टर करायचे. नोगुचीकडे दोन्ही कामं होती, तुलनाच चूक.
ताई, वाईट वाटलं. पण रात्री पीएम न करणं हा आमचा आळस नव्हे. दिव्याच्या उजेडात कातडीचा रंग फसवतो. २०२१ मध्ये केंद्रानं सोय असेल तिथं सूर्यास्तानंतर परवानगी दिली, पण खून, आत्महत्या, घातपाताचा संशय असली प्रकरणं एरवी वगळूनच.

गिरगावकर
डॉक्टर, सुरी तर तुम्हीही धरत नाही. कर्मचारी कापतो, तुम्ही नाकाला रुमाल लावून लिहून घेता.

पीएम_ड्यूटी
शवागारात शेवटचं पाऊल कधी टाकलंत? माणसं नसतात तिथे कर्मचारी मदत करतो, हो. अठरा वर्षं झाली. आमची आई अजून माझे कपडे वेगळे भिजवते. मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी विचारलं होतं, "म्हणजे पेशंटच नाहीत?" आठ दिवसांच्या पाण्यातल्या देहाजवळ एकदा उभे राहा, मग रुमालाचं बोलू.

खडूस मास्तर
अहो, नोगुची राहिला बाजूला. गिरगावकर, नतालीच्या दाखल्यावर अपघाती बुडणं लिहिलं होतं ना? २०१२ मध्ये तो बदलला, 'बुडणे व इतर अनिश्चित कारणे'. म्हणजे बोटीवर काय झालं हा प्रश्न अगदीच चहाटळ नव्हता.

गिरगावकर
पण अपघात लिहिलं कोणी? तुमच्याच नोगुचीच्या ऑफिसनं. बरं, 'नट' मागे घेतो, 'बोलघेवडा' ठेवतो. डॉक्टर, रुमालाचंही मागे. खूश?

पीएम_ड्यूटी
नाही.

सानपाड्याची
तुमचं झालं असेल तर, रिपोर्टसाठी नक्की कोणाच्या मागे लागायचं?

पीएम_ड्यूटी
हॉस्पिटलमध्ये खेटे घालू नका. आम्ही बरण्या सील करून पोलिसांना दिल्या की आमचा हात सुटतो. ठाण्यात जा, तपास अधिकाऱ्याकडे प्रयोगशाळेची पोच मागा. पोच नसेल तर बरणी अजून मुद्देमालाच्या खोलीतच आहे असं समजा, आणि मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.