मदत हवी आहे: प्रायोजक नोंदणीची यादी मागतोय
नमस्कार मंडळी. मी बिझनेस टेक्नॉलॉजीच्या कार्यक्रमांसाठी स्पॉन्सरशिप विकते. एक क्लाउड कंपनी गोल्ड पॅकेज घ्यायला तयार आहे, पण अट एकच: नोंदणी केलेल्या सगळ्यांचे ईमेल आणि मोबाइल नंबर हवेत. फॉर्मवर तशी संमती आम्ही घेतलेलीच नाही. शिवाय बरेच जण युरोपातले, तिथे २०१८ पासून जीडीपीआर, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, लागू आहे. यादी द्यायची नाही, हे माझं पक्कं आहे. लोकांनी विश्वासाने नंबर दिलेत. त्याऐवजी मी स्टॉलवर बॅज स्कॅन (स्टॉलला आलेल्याचं ओळखपत्र स्कॅन करून त्याचा संपर्क घेणं) आणि आयटी प्रमुखांशी आधी ठरवलेल्या भेटी देऊ केल्या. समोरून उत्तर आलं, "किती, ते लिहून द्या."

तुम्ही करारात स्कॅनची हमी देता की भेटींची? आणि कमी पडल्या तर भरपाई कशी ठरवता? शुक्रवारी शेवटची बैठक आहे.