परसातली वांगी उभ्याउभ्या मरतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, फोंडा तालुक्यात घर आहे. मागच्या परसात वांगी लावली आहेत. झाड हिरवेगार, फुलावर आलेले, आणि दुपारी बघावे तर माना टाकलेल्या. संध्याकाळी थोडे सावरते, पण दोन-चार दिवसांत मरतेच. पाने पिवळी पडत नाहीत, किडाही दिसत नाही. शेजारच्या काकी म्हणतात पाणी कमी पडले. मला ते पटत नाही, मुळाशी माती ओलीच असते.

मेलेल्या झाडाचे खोड कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरले, तर कापल्या जागेतून दुधासारखी धार खाली उतरली. म्हणजे हा जिवाणूजन्य मर रोग. तो मातीत राहतो, फवारणीने जात नाही, आणि आपली जांभ्याची आंबट माती व पावसातला ओलावा त्याला मानवतो. टोमॅटो, मिरची त्याच जागी लावणेही धोक्याचे, कारण ती याच कुळातली. तिथे सध्या तांबडी भाजी आणि अळसांदे घालणार आहे.

पण वांगी सोडवत नाहीत हो! चवथीला घरची नकोत का?

जुने गोवे येथील कृषी संशोधन संस्थेच्या मर-प्रतिकारक जाती कोणी परसात लावल्या आहेत का? भरीत करायला चव कशी? रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपे फोंडा-म्हापसा भागात कुठे मिळतील? आणि चुना घालायचा तर लावणीच्या किती आधी? मोठ्या कुंडीत नवी माती घालून लावणाऱ्यांचाही अनुभव सांगा.