मदत हवी आहे: कान्हेरीच्या वाटेवरचा पांढऱ्या गोंड्याचा लव्हाळा कोणता?

कुर्डू_मुलुंड
जागा: संजय गांधी उद्यान, कान्हेरीच्या वाटेची कड, दाट सावली, ओल आहे पण पाणी साचत नाही. ऑगस्ट. उंची वीतभर, दांडा तीनधारी, टोकाला एकच पांढरा गोल गोंडा, साधारण ८ मिमी. गोंड्याखाली तीन लांब पानं. ॲप म्हणतं कॅरेक्स (लव्हाळ्यांचाच एक गट), ग्रुपवर म्हणतात नागरमोथा. नक्की काय बघू?

तीनधारी
नागरमोथा नाहीच. त्याच्या तुऱ्याला लहानमोठ्या काड्या फुटतात आणि त्यांवर तांबूस-तपकिरी कणिशं येतात. तुमचा गोंडा थेट पानांच्या बेचक्यात बसलाय, म्हणजे किलिंगा, लव्हाळ्यांचाच दुसरा गट. त्यातली जात बहुधा किलिंगा नेमोरॅलिस (जुन्या पुस्तकांत मोनोसेफाला). जवळचा दुसरा उमेदवार ब्रेविफोलिया. त्याचा गोंडा हिरवा असतो, पण रंगावर जाऊ नका; सप्टेंबर सरता सरता दोन्ही मळकट तपकिरी दिसतात.

खात्री तुसावर (कणिशातल्या फुलाला झाकणाऱ्या खवल्यावर) होते. गोंड्यातलं एक कणिश (जेमतेम ३ मिमी) सुईने सोडवून काळ्या कागदावर ठेवा आणि १० पटीचं भिंग लावा. तुसाच्या पाठीवरच्या हिरव्या कण्याला पारदर्शक पंख आणि पंखाच्या कडेला बारीक दाते दिसले, की नेमोरॅलिस. ब्रेविफोलियाला पंख नसतो. गोंडा फार कोवळा असेल तर पंख नीट उलगडलेला नसतो. मधल्या भागातलं कणिश घ्या.

कुर्डू_मुलुंड
आणि कॅरेक्स कसं बाद करायचं?

तीनधारी
कॅरेक्समध्ये बी एका बंद पिशवीत असतं आणि नर-मादी फुलं वेगळी. किलिंगाचं बी चपटं, पिशवी नाही, कुक्षी (परागकण टिपणारी टोकं) दोन. ॲपला गोंड्याचा नुसता वरून काढलेला फोटो दिला तर ते काहीही सांगणार.

भिंगवाला
एक भर. उद्यानातून काही तोडू-उपटू नका, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आड येतो. तिथे फक्त फोटो: पूर्ण झाड पट्टीसह, दांड्याचा बुंधा, गोंडा बाजूने. मागे तळहात धरा, नाहीतर मोबाइल मागच्या गवतावर फोकस करतो. कणिश सोडवायला सोसायटीची हिरवळ बघा, हीच जात तिथेही येते. म्हणूनच 'सावलीत सापडला' एवढ्यावरून जात ठरवू नये. ती जमिनीखाली आडव्या खोडाने पसरते, त्यामुळे तुडवलेल्या वाटेच्या कडेलाही टिकते. तरी अडलं तर झेव्हियर्स कॉलेजच्या ब्लॅटर हर्बेरियममधल्या वाळवलेल्या नमुन्यांशी ताडून बघता येईल. आधी विचारून जा.