मदत हवी आहे: बालकलाकाराच्या मानधनातली २० टक्के ठेव

बडोद्याहून विचारतेय. मुलगी ११ वर्षांची, मालिकेसाठी निवड झाली आहे, चित्रीकरण मुंबईत. बालकलाकारांच्या कामाबद्दलचे २०१७ चे केंद्रीय नियम वाचलेत: दिवसाला ५ तासांपर्यंतच काम, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांहून जास्त नाही, चित्रीकरणाच्या जिल्ह्यातली परवानगी निर्मात्याने काढायची, मानधनाचे किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलीच्या नावे मुदत ठेवीत. तिचं खातं आणि पॅन तयार आहे.

समन्वयक म्हणतो, सगळी रक्कम तुमच्या खात्यात घ्या, ठेव नंतर तुम्हीच करा. पण मग टीडीएस माझ्या पॅनवर कापला जाईल, कमाई तर तिची आहे! फोनवर दोनदा सांगून झालं, लेखी काही मिळत नाही. सही करायची बाकी आहे.

ठेव निर्मात्यानेच थेट भरावी यासाठी करारात नेमकं कोणतं कलम घालून घेतलंत? आणि ती प्रत्येक बिलाबरोबर भरली जाते की काम संपल्यावर एकदम?